टोपाच्या आठ पिना

चाळीस वर्षं मी एकाच गोष्टीला भीत आलो. चिकटवलेली मिशी भर प्रयोगात सुटेल, याला. तुम्हाला हे हसण्यासारखं वाटेल, पण मुलीच्या लग्नात मी व्याह्यांच्या खऱ्या मिशीची कड उचलली गेली आहे का, हे दोनदा वाकून बघितलं होतं. संपादकांनी धंद्यातल्या गमतीजमती लिहा म्हणून सांगितलं आहे. त्या पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलो की एकच प्रयोग समोर येतो, आणि त्या प्रयोगात मिशी सुटली नाही, काहीच सुटलं नाही. म्हणून तेच लिहितो.

माझं दुकान जळगावात. नाटकाचे कपडे भाड्यानं द्यायचे, ज्याला आम्ही कपडेपट म्हणतो, आणि सोबत जाऊन रंगभूषाही करायची. गॅदरिंग, शिवजयंतीची मिरवणूक, स्पर्धेची नाटकं, शाळेतला फॅन्सी ड्रेस. गिऱ्हाईक सगळ्या तऱ्हेचं. फैजपूरला एका पतपेढीच्या वसुली अधिकाऱ्यानं राजाचं काम केलं, आणि दुसऱ्या अंकात मिशीची एक बाजू सुटून त्याच्या तोंडात गेली. गडी ती चघळत चघळत वाक्यं बोलला. प्रयोगानंतर मला म्हणाला, "नाना, चव बरी नव्हती." तेव्हा सगळे हसले. मी दोन दिवस जेवलो नाही.

मिशी लावायला क्रेपचे खोटे केस आणि स्पिरिट गम नावाचा डिंक लागतो. गम एक हात लावला की दोन तास धरतो, दोन हात लावला की काढताना कातडी सोलून निघते. केसांच्या टोपाचं तसंच. खाली जाळी घालून स्वतःचे केस दाबायचे, वर टोप चढवायचा आणि पिना मारायच्या. किती मारायच्या हे प्रसंगावर. ज्याला लढाई करायची त्याला आठ. ज्याला रंगमंचावरच टोप काढून दाखवायचा असेल त्याला दोन, त्याही सैल, एका ओढीत निघतील अशा. एवढं कळलं की माझ्या धंद्याचं बरंचसं तुम्हाला कळलं.

मला हे काम शिकवलं माझ्या मावशीच्या नवऱ्यानं. त्यांच्या काळात खेड्यापाड्यात बायका नाटकात यायच्या नाहीत, म्हणून बाप्याची बाई करणं हेच मुख्य काम. दाढीची निळी झाक लपवायला आधी लालसर रंगाचा हात, मग त्यावर गोरा. एकदा शेजारच्या गावात त्यांनी केलेल्या बाईला मागणी आली होती, असं ते छाती फुगवून सांगायचे. खरं-खोटं तेच जाणोत. माझ्या हयातीत गंगा उलटी वाहायला लागली. मुली नाटकात आल्या आणि मुलगे मिळेनासे झाले, तेव्हा बाईचा बाप्या करायची वेळ आली. ते जास्त अवघड. मिशी कोणीही लावील. बाई दिसते ती मानेत आणि मनगटात.

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. इथल्या एका कॉलेजात बाविस्कर मॅडम इंग्रजी शिकवायच्या. त्यांना युरोपातल्या चारशे वर्षांपूर्वीच्या विनोदी नाटकांचं वेड. त्या काळच्या नाटकांत जे हमखास सापडतं, ते घेऊन त्यांनी मराठीत एक नाटक स्वतःच बांधलं. व्यापाऱ्याची मुलगी असते, बाप तिला एका म्हाताऱ्या श्रीमंत शेटजीला द्यायला निघतो. पडदा उघडतो तेव्हा ती भावाचे कपडे घालून पळालेली असते आणि नेमकी त्याच शेटजीकडे मुनीम म्हणून कामाला लागते. शेटजी त्या पोरसवदा मुनिमाला विचारतो, बायकांना काय आवडतं रे? आणि मग जे होतं ते होतं. शेवटी ती सगळ्यांसमोर टोप काढते, वेणी खाली पडते, लग्न लागतं, पडदा.

कपड्यांची मापं घ्यायला मी तालमीला गेलो, तेव्हा मॅडम मुलांना समजावून सांगत होत्या. मीही कोपऱ्यात बसून ऐकलं. त्या नाटकांत बायका ठरावीक साच्याच्या असतात म्हणाल्या. एक गोड, गप्प मुलगी. एक कजाग बायको, जिला शेवटी सरळ करतात. एक चलाख मोलकरीण, जिला सगळं कळतं पण मिळत काही नाही. आणि एक ही, पुरुषाच्या कपड्यांतली. चार अंक हीच सगळ्यांना बोटावर नाचवते, न्याय सांगते, प्रेम शिकवते. आणि पाचव्या अंकात बाईचे कपडे अंगावर आले की पुष्कळदा तिला बोलायला फारसं काही उरत नाही. बाकीचे बोलतात, ती उभी असते. वर इंग्लंडात त्या काळी बायकांना रंगमंचावर येऊ देत नव्हते. म्हणजे एक कोवळा मुलगा मुलीचं काम करणार, आणि ती मुलगी मुलगा झाल्याचं सोंग आणणार.

"म्हणजे आमच्या तमाशासारखंच की," मी म्हणालो.

"तसंच, नाना. फक्त आम्ही त्यावर परीक्षा घेतो," मॅडम म्हणाल्या.

मॅडमनी आपल्या नाटकात एक बदल केला होता. टोप काढल्यावर मुलीला एक वाक्य दिलं होतं. इतका वेळ ती पुरुषी आवाजात बोललेली असते. वेणी पडल्यावर ती स्वतःच्या आवाजात बापाला म्हणते, "आबा, ही मी आहे. मला पुढचं बोलायचं आहे." बस, एवढंच.

ते काम करणारी मुलगी हर्षदा. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, धुळ्याकडच्या एका गावची, इथं वसतिगृहात राहायची. बारीक अंगाची, बोलायला हळू. तालमीत उभी राहिली की मात्र हॉल बारीक वाटायचा. मी पुष्कळ हौशे-नवशे बघितले आहेत. ही त्यांतली नव्हती.

पहिल्यांदा रंगून बघायला ती दुकानात आली, तेव्हा माझ्या फळीवर रावेरला जायचं एक गाठोडं बांधून ठेवलं होतं. त्यावरचं नाव वाचून ती घाबरली.

"नाना, हे भटू पाटील केळीच्या पॅकिंगचं बघतात तेच का?"

"तेच. दर शिवजयंतीला मावळ्यांचे कपडे नेतात. का गं?"

"माझे मामा आहेत. त्यांना माझ्याबद्दल काही बोलू नका. घरी माहीत नाही."

मग खुर्चीत बसल्या बसल्या तिनं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी तिची चुलत बहीण गॅदरिंगमध्ये नाचली. कोणीतरी त्याचा व्हिडिओ गावात पोचवला. सहा आठवड्यांत तिचं कॉलेज सुटलं आणि लग्न लागलं. हर्षदाला नाट्यशास्त्राच्या पदवीसाठी पुण्याला जायचं होतं. फॉर्म मॅडमच्या कपाटात होता, वसतिगृहाच्या पानावर वडिलांची सही तेवढी बाकी होती.

"कधी घेणार सही?"

"हिंमत झाली की," ती म्हणाली.

मी तिला शब्द दिला. आणि मग कामाला लागलो. काम इतकं छान जमलं की माझंच डोकं फिरलं. जबड्याला सावली, भुवया जाड, कोवळी मिशी, वर कुरळा टोप. आरशात एक देखणा मुनीम बसला होता. दुकानाचा रिवाज म्हणून मी दोन फोटो काढले, रंगायच्या आधीचा आणि नंतरचा.

त्या संध्याकाळी पिंप्राळ्याला घरी चहा पिता पिता मी ते दोन्ही फोटो शेजारी शेजारी जोडले आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला टाकले. डावीकडे ती, उजवीकडे तो. आम्ही रंगभूषावाले अशी चूक करतो. नुसता नंतरचा फोटो टाकला तर आमची कारागिरी कोणाला कळणार? आधीचा टाकल्याशिवाय आमचं पोट भरत नाही. शब्द दिलेला मला आठवला तो कपबशी खाली ठेवताना. धावत फोन घेतला, स्टेटस उडवलं. पंधरा मिनिटंही झाली नव्हती. पण उडवण्याआधी बघणाऱ्यांच्या यादीवर नजर गेली. अकरा जण होते. सातवं नाव भटू पाटील, रावेर.

त्यानंतरचे नऊ दिवस मी कसे काढले ते माझं मलाच माहीत. बायकोला वाटलं, मला साखर निघाली. फोन वाजला की आधी नाव बघायचो, मग उचलायचो. हर्षदाला सांगायला दोनदा कॉलेजच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. सांगितलं तर ती काम सोडेल, नाही सांगितलं तर बेसावध सापडेल. खरं कारण याहून लहान होतं. तिच्यासमोर मान खाली घालायची मला लाज वाटत होती.

चौथ्या दिवशी भटू पाटलाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, "नाना, त्या कॉलेजनं नाटक कव्हय शे?"

मी म्हणालो, "मला नक्की माहीत नाही, भटूभाऊ."

"बरं, मी इचारी लेस," म्हणाला आणि फोन ठेवला.

नाटक कधी आहे ते मला तारखेसकट पाठ होतं. आता हे लोक येणार, भर प्रयोगातून पोरीला ओढून नेणार, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. पेपरात वाचलेल्या नाही नाही त्या बातम्या आठवायला लागल्या. आणि हे सगळं माझ्या हौसेपायी.

प्रयोग दुपारी चारला होता. साडेतीनला मी पडद्याच्या फटीतून बघितलं. तिसऱ्या रांगेत भटू पाटील, आणि त्याच्या शेजारी पांढरी टोपी, जाड भिंगाचा चष्मा, मांडीवर हात घट्ट बांधून बसलेला एक म्हातारा. नाक अगदी हर्षदाचं. वडीलच ते.

रंगपटात आलो, म्हणजे जिथं नटांना रंगवतात त्या खोलीत. हर्षदा खुर्चीत जाळी घालून बसली होती. ती पांढरी पडली होती, पण मला वाटलं ते पहिल्या प्रयोगाचं. तिनं विचारलं, "गर्दी आहे का, नाना?" मी म्हणालो, "आहे." तिनं आणखी काही विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

मग माझ्या डोक्यात ते आलं. टोप निघालाच नाही तर? मुनीम शेवटपर्यंत मुनीमच राहिला तर त्या जाड भिंगांमागच्या माणसाला काय कळणार आहे? मी मिशीला गमचे दोन हात दिले. आणि टोपाला दोन सैल पिनांच्या जागी आठ मारल्या, जाळीतून वेणीच्या पिळात आरपार. लढाईतल्या सरदाराला मारतात तशा. तिला म्हटलं, "आज जरा घट्ट वाटेल." ती मान हलवून गेली.

नाटक रंगलं. इतकं रंगलं की माझी भीती वाढतच गेली. शेटजी मुनिमाला बायकांची मर्जी कशी राखायची ते विचारतो तो प्रवेश आला, आणि तिसऱ्या रांगेत तो म्हातारा चष्मा काढून उपरण्यानं डोळे पुसताना मला दिसला. हसून हसून. भटू पाटील मात्र हसत नव्हता. तो खुर्चीच्या कडेला सरकून बसला होता.

शेवटचा प्रवेश आला. हर्षदा पुढं आली, अगदी मॅडमनी खडूनं खूण केली होती तिथं. एक क्षण तिनं तिसऱ्या रांगेकडं बघितलं. मग हात वर नेला आणि टोप ओढला.

तो निघाला नाही. कपाळाची कातडी वर ताणली गेली, भुवया चढल्या, आणि लोक हसले. तिनं पुन्हा ओढला, दोन्ही हातांनी. लोकांना वाटलं ही नाटकातलीच गंमत आहे, हॉल डोक्यावर घेतला. तिनं बोलायला तोंड उघडलं, ते हसण्यात बुडून गेलं. शेटजीचं काम करणारा मुलगा हजरजबाबी. प्रयोग सावरायचा म्हणून तो पुढं झाला आणि म्हणाला, "राहू दे गं बाई, तू बाई आहेस हे पटलं आम्हाला." टाळ्यांचा कडकडाट झाला आणि पडदा ओढणाऱ्यानं पडदा ओढला. मॅडमनी दिलेलं ते एक वाक्य तसंच राहून गेलं.

मला तेव्हा काय वाटलं ते खरं सांगतो. सुटलो, असं वाटलं.

ती येऊन खुर्चीत बसली. मी मागं उभा राहून पिना काढायला लागलो. ती एकेक पीन हातात मागून घेत होती. आठवी पीन तिच्या तळहातावर पडली, तेव्हा आरशातून तिनं माझ्याकडं बघितलं.

"तालमीत दोन होत्या, नाना."

मग मी सगळं बोललो. स्टेटस, यादीतलं सातवं नाव, फोन, तिसरी रांग. ती ऐकत होती. ओठावरची मिशी मी तेल लावून सोडवत होतो आणि तिथली कातडी लाल होत होती.

"मामांनी तो फोटो बघून मलाच फोन केला होता," ती म्हणाली. "मी रडायला लागले. ते म्हणाले, रडू नको. दाजीले सांगीसन नही समजाव, त्यास्ले दखाडनं पडी. सांगून पटणार नाही, दाखवावंच लागेल, म्हणून ते आबांना घेऊन आले. हर्षीच्या कॉलेजात नाटक आहे, एवढंच सांगून. टोप काढला की आबांना दिसणार होतं. सगळे टाळ्या वाजवत असताना दिसणार होतं. त्यानंतर मी सही मागणार होते."

"मला का नाही बोललीस?"

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

मी म्हणालो, "मग आत्ता जा. आत्ता सांग. मी येतो सोबत."

तिनं तोंड धुतलं, पंजाबी ड्रेस घातला. हॉलच्या पायऱ्यांशी मामा आणि आबा उभे होते. मी चार पावलं मागं थांबलो. तिला बघताच म्हाताऱ्याचा चेहरा उजळला.

"हर्षी, तू कोठे बसेल व्हती वं? तो मुनीम दखा का?"

तिनं ओढणी सारखी केली.

"हासी हासी मनं पोट दुखी गयं. आपला गावमा तमासामा आसाच पोऱ्या बाई बने, पन इतका झ्याक पोऱ्या मी कव्हय नही दखा." मग त्यांनी तिच्याकडं निरखून बघितलं. "तुना डोया लाल का शेतस? रडनी का?"

भटू पाटील तिच्याकडं बघत होता. मी तिच्याकडं बघत होतो. नुसतं एक वाक्य बोलायचं होतं, तिनं, त्यानं किंवा मी. त्या नाटकांत चार अंक मुनीम होऊन बोललेली बाई शेवटी कशी उभी असते, ते मी त्या पायऱ्यांवर बघितलं.

"नही, आबा," ती म्हणाली. "मी बी हासनू."

म्हाताऱ्यानं मान डोलावली. माझ्या हातातली पेटी बघून मला ओळखलं असावं, जाताना म्हणाले, "भाऊ, त्या पोऱ्याले सांगजा. एक म्हातारानी शाबासकी दिधी म्हनीसन." मी हो म्हणालो.

तो फॉर्म मॅडमच्या कपाटातच राहिला. पुढच्या उन्हाळ्यात हर्षदाचं लग्न झालं. मी त्यानंतरही धंदा केला, आणखी पाच वर्षं. स्टेटस टाकायचं सोडलं, त्याला फार अर्थ नव्हता. भीती काही सुटली नाही, तिनं फक्त जागा बदलली. मिशी सुटेल म्हणून जे भीत होतो, ते माझा हात जास्त घट्ट तर बसला नाही ना म्हणून भ्यायला लागलो.

मागच्या डिसेंबरात ती आली. दुकान बंद केलं तरी मी घरी चार टोप ठेवले आहेत, त्यांचा पत्ता काढत थेट पिंप्राळ्याला. सोबत सहा वर्षांची मुलगी. शाळेच्या गॅदरिंगला तिला मुनीम व्हायचं होतं. नाटुकलं आईनंच बसवलं होतं, वाक्यंही आईचीच. मला धड बघवेना. चहा झाल्यावर मी विचारलं, आबांना कधी सांगितलंस का.

"नाही. परवाच नातीला सांगत होते, जळगावले एक पोऱ्या दखा व्हता म्हणून. त्याची नक्कलही करतात." ती थोडी हसली. "इतक्या वर्षांत त्यांना त्या पोऱ्याचा लळा लागला आहे, नाना. आता ती मी होते असं सांगितलं, तर त्यांना आनंद होईल की पोऱ्या गेल्याचं वाईट वाटेल, मला कळत नाही. भीती वाटते."

मी पोरीला खुर्चीत बसवलं. जाळी घातली, टोप चढवला. पिनांची डबी उघडली तेव्हा हर्षदा उठून माझ्या मागं येऊन उभी राहिली.

"आबा येणार आहेत बघायला," ती म्हणाली. "शेवटी हिला टोप काढायचा आहे. पिना सैल लावा."

मी दोन लावल्या. मग तिला म्हणालो, ओढून बघ. पोरीनं ओढला, आणि तो निघून तिच्या हातात आला.